पोटची तीन, मोजायची दोन

अन्याय झाला तो जिगरवर. वय पाच, मुक्काम धाकटी डहाणू. केव्हा झाला तेही सांगते. नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेअकराला, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. कुणी हात उगारला नाही, कुणी लाच मागितली नाही. एका छापील अर्जात ‘सख्खी भावंडं, रेशनकार्डाप्रमाणे’ असा रकाना होता आणि त्यात ‘एक’ असं लिहिलं गेलं. लिहिणारं पेन माझं होतं. अर्जही आमच्याच, मज्जादाते शोधणाऱ्या गटाने तयार केलेला. आरोपी शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गुन्हा काय आहे ते कळायला मात्र दिवाळीनंतर डहाणू आणि तलासरीपर्यंत जावं लागलं.

आधी आजार सांगते, कारण तो ठाऊक नसेल तर पुढचं सगळं गावगप्पा वाटेल. हा आजार आईकडून येतो, मुलग्यांना होतो, आणि आईला त्याची कल्पनाही नसते. मेंदूतल्या तारांवर जे आवरण असतं ते हळूहळू उसवत जातं. पहिली पाच-सात वर्षं मूल चांगलं खेळतं, मग अक्षर बिघडतं, हाक ऐकू येत नाही, तोल जातो. शाळा म्हणते लक्ष नाही. डॉक्टर म्हणतात कान तपासा. तोवर वर्ष जातं. अस्थिमज्जा बदलली, म्हणजे निरोगी माणसाच्या हाडातला मगज मुलाच्या रक्तात घातला, तर हे उसवणं थांबू शकतं. थांबतं फक्त, गेलेलं परत येत नाही. म्हणून ते उसवायला लागायच्या आत किंवा लागल्या लागल्या करायचं असतं.

जिगरचा मोठा भाऊ दर्शन नऊ वर्षांचा आहे. त्याचं सगळं उसवून झालं आहे. जिगरचं श्रावणात मेंदूच्या फोटोत एका ठिपक्यापुरतं सुरू झालं होतं.

धाकटी डहाणू

खाडीच्या तोंडाशी पोचले तेव्हा बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. मी बार्शीची. आमच्याकडे अंगणात वाळवण असतं ते कुरडयांचं, आणि त्याच्यावर कावळा बसला तर आरडाओरडा होतो. इथे कावळे, मांजरं आणि मी, तिघांनाही सारख्याच बेफिकिरीने हाकललं जात होतं. “वास येतो का मॅडम?” जिगरच्या आईने, रेखाताईने विचारलं. मी नाही म्हटलं. “मंग रुमाल कशाला धरलाय?” मी रुमाल खिशात घातला.

घरात शिरल्यावर उजव्या हाताला दर्शनची खाट. रेखाताई बोलता बोलता त्याची कूस बदलायची, तोंड पुसायची, आणि आपलं वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे न्यायची. जिगर खाटेच्या पायथ्याशी बसून भावाच्या तळव्याला गुदगुल्या करत होता. “हसतो कधीकधी,” तो मला म्हणाला. “तुम्ही असलात तं नाय हसणार. लाजतो.”

मी तिथे गेले होते शिबिर घ्यायला. आमचं काम असं: गावात जायचं, मज्जादान म्हणजे काय ते सांगायचं, जे मोठे लोक तयार होतील त्यांच्या गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून घ्यायचा आणि तपासणीला पाठवायचा. कुणाच्या मज्जेचा कुणाशी मेळ बसेल सांगता येत नाही. जिगरसाठी त्या सोमवारपासून आम्ही जगभरच्या दात्यांच्या याद्या धुंडाळत होतो. मेळ बसत नव्हता. वडिलांचा, किशोरदादांचा, अर्धा मेळ बसत होता. तो शेवटचा पर्याय म्हणून ठेवला होता, कारण त्यात धोका जास्त.

दोन आठवडे आधी मी पत्रकांचे दोन गठ्ठे रेखाताईकडे पाठवले होते. गुळगुळीत कागद, मथळा लाल, मजकूर मी स्वतः लिहिलेला. ‘तुमच्या शेजारी एक मूल मरतंय आणि तुम्ही गप्प आहात!’ अशी सुरुवात. शिबिराला बसल्यावर मी विचारलं, पत्रकं वाटली का? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रेखाताईची सासू, जमनाबाय, सुक्या मासळीची टोपली बांधत होती. तिने एक पुडकं उचलून दाखवलं. माझा लाल मथळा अर्धा किलो बोंबलांभोवती गुंडाळलेला होता.

“आजी, हे वाचायला दिलं होतं!”

“वाचलं की. सुनेने वाचून दाखवलं. येकदा वाचलं का कागद मोकळाच. तुझा कागद बेस हाय पोरी, फाटत नाय, मीठ सोडत नाय.”

मी रागावले. खोटं कशाला सांगू, चांगलीच रागावले. गटात मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की पत्रक हे हत्यार आहे. माझ्या हत्याराला बोंबलाचा वास येत होता.

शिबिर मात्र झालं. मच्छीमार सोसायटीच्या पडवीत तीसेक माणसं जमली. एका तांडेलाने विचारलं, “हाडातला रस काढला तं होडी कोण ओढणार?” मी सांगितलं, कंबरेच्या हाडातून काढतात, मणक्याला हात लावत नाहीत, काही आठवड्यांत शरीर तो परत भरून काढतं. जमनाबाय म्हणाली, “माझा घे.” मी म्हटलं, “आजी, तुमचं वय बसत नाही.” “वयाचं सोड. माझ्या हाडांत आता निसतं मीठ उरलंय, तुमच्या पोराला खारवून ठेवील.” पडवी हसली. मग एकेक जण तोंड उघडून पुढे आला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी ज्वारीवर वाढलेली, माझ्या हातात तांदळाची भाकरी टिकेना, तुकडा मोडायला जावं तर लोळायची. जिगरने मला तुकडा कसा दुमडायचा ते दाखवलं. तो स्वतः बोंबलाला हात लावत नव्हता, नुसता जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, आणि भात. भात कालवताना त्याची दोन शितं सारखी ताटाबाहेर पडत होती. मी बघितलं. रेखाताईनेही बघितलं. दर्शनचंही अक्षराच्या आधी ताटच सांडायला लागलं होतं, असं ती नंतर भांडी घासताना म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. नळ जोरात सोडला, एवढंच.

महामार्ग, विवळवेढे

दुसऱ्या दिवशी तलासरी तालुक्यातल्या उधव्याचा बाजार. तिथेही शिबिर ठरलं होतं. जमनाबाय दर बाजाराला सुकी मासळी घेऊन डोंगराकडे जाते, म्हणून मी तिच्याच जीपमध्ये बसले. पायांत टोपल्या, मांडीवर टोपली, आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक बोकड. विवळवेढ्याच्या अलीकडे मी तिच्या टोपलीत वेगळं ठेवलेलं छोटं पुडकं पाहिलं. पुन्हा माझंच पत्रक.

“हे कुणाचं?”

“जवळा हाय. उधव्याच्या पोरीला. बोंबील नाय खात ती, जिगरसारखीच.”

“कोण पोरगी?”

“हेतल. रेखाच्या बहिणीची, भानूची. भानूचा नवरा तिकडंच दुकान घालून बसलाय ना, सुक्या मासळीचं.”

मी सहज म्हटलं, मावसबहिणीची आवडसुद्धा सारखी असते म्हणजे. जमनाबायने माझ्याकडे असं बघितलं जसं मी समुद्राला तळं म्हटलं.

“मावस कशाची? रेखाचीच ती. पहिली. भानूची तीन पोरं पोटातच गेली, मंग रेखानं चाळीसाव्या दिवशी हिला तिच्या ओटीत घातली. बारा वर्सं झाली. तुला ठावं नाय?”

“आजी, मी रेखाताईला विचारलं होतं. हॉस्पिटलात. जिगरला सख्खं भावंड किती? त्या म्हणाल्या, एक.”

“बराबर सांगितलं तिनं,” जमनाबाय शांतपणे म्हणाली. “पोटची तीन, मोजायची दोन.”

त्यानंतर तिने मला रीत सांगितली, आणि ती सांगताना बोकडसुद्धा गप्प होता. पाच बायका बसतात. नारळ, तांदूळ, मूल. आई मूल बहिणीच्या ओटीत ठेवते, उठते आणि मागे न बघता घरी येते. त्या दिवसापासून आपली पोरं मोजताना ते मूल मोजायचं नाही. मोजलं तर घेणारीची कूस परत रिकामी होते. मागायचं तर नाहीच नाही.

आमच्या बार्शीत दत्तक म्हणजे जेवणावळ, स्टँपपेपर, आणि नंतर वीस वर्षं दोन्ही घरांचं कोर्टात येणं-जाणं. इथे एक नारळ आणि बारा वर्षांची मुकाट जीभ. कोणती पद्धत बरी, हा वाद मी कुणाशीही घालायला तयार आहे. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. सख्ख्या भावंडाचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक. आम्ही अडीच महिने समुद्रापलीकडच्या याद्या चाळत होतो. आणि ही पोरगी जीपने दोन तासांवर, सुका जवळा खात बसली होती.

महालक्ष्मीच्या देवळापाशी जीप थांबली. जमनाबायने खाली उतरून नारळ वाढवला आणि पुटपुटली, “दर्शन, जिगर. दोघांना बघ.”

“देवीलाही दोनच?” मी विचारलं.

“देवीला काय मोजता येत नाय?” ती म्हणाली आणि टोपली सांभाळत चढून बसली.

उधवा

बाजारात नाचणी, वालाच्या शेंगा, कोंबड्या, टोपल्या, आणि चार भाषा. भाव गुजरातीत, शिव्या मराठीत, घरचं बोलणं आपापल्या बोलीत. पत्र्याच्या शेडखाली मी टेबल मांडलं. डोंगराकडच्या एका भातशेती करणाऱ्या काकांनी माझं सगळं भाषण उभ्याने ऐकलं आणि विचारलं, “पोर आजारी पडायच्या आधी रक्त बघता येतं?” येतं, म्हटलं, घरात एकाला निघाला की बाकीच्यांचं लगेच बघायचं. “मंग बघत का नाय? आम्ही बी पेरायच्या आधी पाण्यात टाकून बघतो. उगवल्यावर बघून काय?” असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. त्यांचा फाया त्या दिवशीचा पहिला.

दुपारी टेबल आवरलं आणि भानूमावशीच्या दुकानात गेले. जमनाबाय बरोबर आली नाही. “मी गेले तं मागायला गेल्यासारखं होईल. तू परकी हायस, तुला चालतं.” मला परकी म्हणून कुणी कामाला लावण्याची ही पहिलीच वेळ.

भानूमावशी रेखाताईपेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. तराजूमागे बसली होती. शेजारी गणवेशात हेतल, वही मांडीवर. कपाळ रेखाताईचं, बसण्याची ढब जिगरची, एक पाय दुमडून दुसऱ्यावर.

“आव बेन, बस,” मावशी म्हणाली. “तुझीच वाट बघत होते.”

“माझी?”

मावशीने गोणीखालून एक कागद काढला. घड्या पडलेला, खारट, मिठाने डाग पडलेला. माझं पत्रक. दोन आठवड्यांपूर्वी जवळ्याभोवती आलेलं.

“मला वाचता येत नाय. पुडक्यांचे कागद पोरगी वाचून दाखवते, तिला सवय हाय. हा पण तिनंच वाचला. सख्ख्या भावंडाचा मेळ बसतो म्हणून लिवलंय ना? जोरात वाचत होती. तिथं आली आन आवाज बारीक केला.”

मी हेतलकडे पाहिलं. ती वहीत रेघ मारत होती.

“तुला माहिती आहे?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी अशीच आहे.

“बाजारात सगळ्यांना माहितीय,” ती म्हणाली. “मी पहिलीत होते तेव्हापासून माहितीय. आईला वाटायचं मला माहिती नाय, म्हणून मी नाय बोलले.” ‘आई’ म्हणताना तिने भानूमावशीकडे पाहिलं, दुसरीकडे नाही. मग म्हणाली, “दोन आठवडे झाले कागद येऊन. कोणीच विचारायला आलं नाय.”

 

“तू का नाही बोललीस?” मी म्हटलं.

“आईनं विचारल्याशिवाय कशी बोलू? तिला वाटेल मी तिकडं चालले.”

“आन मी कशी बोलू?” मावशीचा आवाज चढला. “रेखानं मागितल्याबिगर मी द्यायला धावले, तं उद्या लोक म्हणतील भानूनं पोर परत केली. आन रेखा काय मागणार? मरंल पण मागणार नाय. माझी बहीण हाय ती, मला ठावं हाय.”

तीन बायका, एक पोरगी, सगळ्यांना सगळं माहीत, आणि एकमेकींचा मान राखण्यापायी जिगरचा ठिपका वाढत होता. मी मनातल्या मनात त्या रीतीविरुद्ध अर्धं पत्रक लिहूनही टाकलं होतं. पण त्या बायका तरी एका आईची कूस जपत होत्या. माझा रकाना काय जपत होता? रेशनकार्ड.

मी म्हटलं, “मावशी, मागायला मी आलेय. पोरगी नको. पोरगी तुमचीच. आज फक्त गालातला फाया. मेळ बसलाच, तर हॉस्पिटलात काही दिवस, आणि तेही हेतल हो म्हणाली तर.”

“मला काय विचारते? रक्त तिचं हाय, तिला विचार.”

हेतलने वही मिटली. “दुखतं?”

“झोपवून काढतात, तेव्हा कळत नाही. नंतर चार-पाच दिवस कंबर ठणकते. ठणकत नाही असं सांगणार नाही.”

“शाळा किती बुडेल?”

“आठवडाभर. थोडी जास्तही.”

“जिगरला कळेल का मी कोण ते?”

हे माझ्या प्रश्नोत्तरांच्या पानावर नव्हतं. मावशीने तराजूचं पारडं हाताने थांबवलं. “कळंल,” ती म्हणाली. “मी सांगन त्याला.”

फाया घेतला आणि अर्ज काढला. मावशी म्हणाली, “थांब. त्यात आई म्हणून कोणाचं नाव घालणार?” अर्जात आईच्या नावाला एकच ओळ होती. रक्ताच्या नात्याची तपासणी म्हणजे रेखाताईचं नाव हवं. मी ती ओळ खोडली आणि बाजूला हाताने दोन ओळी आखल्या. वरती, ‘जन्म दिला: रेखा’. खाली, ‘आई: भानू’. हेतलने मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे माझं?” आणि मग तिथेच बोट ठेवून थोडा वेळ बसली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबावं लागलं.

निघताना तिने मला सुकट बांधून दिली, माझ्याच पत्रकात. या वेळी मी ते पुडकं नीट पिशवीत ठेवलं.

परत, तिसरा मजला

मेळ बसला. पूर्ण. हेतलच्या रक्तात आजाराचा दोषही निघाला नाही. कायद्याचे कागद हॉस्पिटलच्या समाजसेविकेने बघितले, त्यात आणखी दिवस गेले. मी बार्शीला न जाता मुंबईत थांबले आणि दाखल करायच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर गेले. बाकावर सगळे ओळीने: किशोरदादा दोन दिवस समुद्र सोडून आलेले, रेखाताई, भानूमावशी, आणि मधे हेतल. जिगर तिच्या वहीत होडी काढत होता. होडीची रेघ थरथरत होती. “ही तुझी ताई,” मावशीने त्याला सांगितलं होतं. त्यावर त्याने एवढंच विचारलं होतं, की मग ती बोंबील खाते का.

खिडकीतल्या कारकुनाने नवा अर्ज ओढला. “मुलं किती?”

रेखाताईने बहिणीकडे पाहिलं. मी मागे उभी होते, आणि या खेपेला मला बोलायचा काही अधिकार नव्हता.

“तीन सांग,” भानूमावशी म्हणाली.

“तीन,” रेखाताई म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

हे लिहिताना जिगर काचेच्या खोलीत आहे. मज्जा घातली आहे, रुजली की नाही ते अजून कळायचं आहे. हेतलची कंबर ठणकायची थांबली, ती शाळेत जाते. दाखल करण्याआधी पुन्हा काढलेल्या मेंदूच्या फोटोत ठिपका श्रावणातल्यापेक्षा मोठा निघाला. किती, ते डॉक्टरांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं. फार नाही, म्हणाले. पण मला विचाराल तर त्या वाढलेल्या चिमटीएवढं जे काही जिगरचं गेलं, कदाचित ताटातली शितं न सांडणं, कदाचित सरळ रेघेची होडी, ते माझ्या रकान्याने नेलं. ते परत येत नाही. वर लिहिलंच आहे.

आता तुम्ही. हळहळू नका, त्याचा काही उपयोग नाही. आज जेवायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा. ‘मुलं किती’ असं विचारू नका, आकडा मिळेल आणि तो रीतीचा असेल. विचारा, तुझ्या पोटचं आणखी कोण आहे, आणि कुठे आहे? ओटीत दिलेलं, मामाकडे ठेवलेलं, कुणाच्या तरी नावावर वाढलेलं. नाव मिळालं की लिहून ठेवा, दोन ओळींत: जन्म कुणी दिला आणि आई कोण. दोन्ही ओळी खऱ्या असतात.

आणि तुम्ही एखाद्या दवाखान्यात अर्ज छापत असाल किंवा भरून घेत असाल, तर तो रेशनकार्डाचा रकाना खोडा. उद्या. सकाळी पावणेअकराच्या आत.